कातडे राखणारी बुरशी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक येतात. आसपास खाडी आणि मिठागरे, पुढे उत्तनचा समुद्र. आषाढ-श्रावणात इथली हवा इतकी ओली असते की कोपऱ्यात पडून राहिलेल्या चामड्याच्या चपलेवर बघता बघता पांढरट-हिरवी बुरशी धरते. फडक्याने पुसली की ती निघून जाते. मागे डाग राहतो, कुबट वास राहतो, पण चामडे शाबूत असते. त्याच हवेत त्याच दिवसांत भाकरीचा तुकडा मात्र बुरशी आतपर्यंत पोखरून टाकते. चपलेवरच्या बुरशीने खाल्ले ते चामड्याला चोळलेले तेल, पॉलिश, घाम आणि धूळ. चामडे ज्याचे बनलेले असते त्या कोलॅजेनला तिने फारसा हात लावला नाही. चामडे कमावलेले असते म्हणून ते टिकते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. बाभळीच्या सालीतले किंवा हिरड्यातले टॅनिन कोलॅजेनच्या तंतूंना घट्ट जखडते. पण ते अर्धेच उत्तर झाले. कोलॅजेन मुळातच सहजी तुटणारे प्रथिन नाही, आणि ते सरळ तोडू शकणारी विकरे निसर्गात फार थोड्यांकडे आहेत. अशा बुरशींचा आणि त्यांच्या विकरांचा अभ्यास पुण्यात जवळजवळ अर्धशतक चालला. त्याचा पट पाहिला की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. ‘कोलॅजेन तोडणारी बुरशी’ या नावाखाली ज्यांची गणना होते त्यांतल्या बहुतेकींचे मोल त्या कोलॅजेनला काय करतात यात नाही. त्याच्या भोवतालचे सारे मोकळे करताना त्याला कितपत सोडून देतात, यात ते आहे.

हे पटण्यासाठी आधी कोलॅजेनची घडण लक्षात घ्यावी लागते. माणसाच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के कोलॅजेन असते. कातडी, स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर, हाडातला सेंद्रिय सांगाडा, सारे त्याचेच. याच किनाऱ्यावरचे कोळी घोळ माशाच्या पोटातून जी हवेची पिशवी काढून सुकवतात आणि जिला ‘बोत’ म्हणतात, ती तर मुख्यतः कोलॅजेनच असते, आणि त्या बोतापायीच घोळीला सोन्याचा भाव येतो. या प्रथिनाची रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरासारख्या वळलेल्या. प्रत्येक साखळीत सुमारे एक हजार अमिनो आम्ले आणि त्यांतले दर तिसरे ग्लायसीन, कारण दोराच्या गाभ्यात मावेल इतके लहान तेच. अशा एका रेणूची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड. ज्या कोलॅजेनवर त्यांनी काम केले ते कांगारूच्या शेपटीतले होते आणि मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले होते. हा पीळ इतका घट्ट असतो की ट्रिप्सिनसारखे एरवी धडाडीने प्रथिने कापणारे विकरही त्यात शिरू शकत नाही. त्याची कात्री चालायला साखळी मोकळी लागते. पाया रटरटा शिजवला की हाच पीळ सुटतो, कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि रस्सा निवल्यावर थिजतो. त्या थिजलेल्या रश्श्यातले जिलेटिन कुठलेही साधे प्रथिनविघटक विकर खाऊन टाकते. पीळ शाबूत असलेले कोलॅजेन आणि पीळ सुटलेले जिलेटिन या दोहोंत केलेली गल्लत हीच या विषयातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ आहे.

खऱ्या अर्थाने पीळ कापणारे विकर पहिल्यांदा नीट ओळखले गेले ते बुरशीत नव्हे, जिवाणूत. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सडलेल्या जखमांतून वाइनबर्ग आणि सेगँ यांनी १९१६ साली क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम हा जिवाणू वेगळा काढला. मांस अक्षरशः विरघळवणारा म्हणून त्याला हे नाव मिळाले. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये इनेस मँडल आणि सहकाऱ्यांनी त्याचे कोलॅजेन तोडणारे विकर वेगळे केले. पुढे १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरते तेव्हा तिथे काय घडते ते तपासले आणि प्राण्यांच्या शरीरातलेही असे विकर दाखवून दिले. ते पिळाला एकाच ठराविक जागी, साधारण तीन-चतुर्थांश लांबीवर, छेद देते. त्यानंतर व्याख्या ठरत गेली: शरीराच्या तापमानाला, शरीरासारख्याच परिस्थितीत, पीळ शाबूत असलेल्या कोलॅजेनला जे कापते तेच कोलॅजिनेज. ही कसोटी कडक आहे, आणि ती कडकच हवी.

तिचे महत्त्व कळायला प्रयोगशाळा सोडून चामडे कमावणाऱ्यांच्या कुंडापाशी जावे लागते. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाच्या वाट्याला आले. मेलेल्या जनावराचे कातडे चुन्याच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवायचे, केस सुटले की खरडायचे, मग सालीच्या काढ्यात कमवायचे. चुन्याने हाताची कातडी फाटते, कुंडाचा वास कपड्यांना चिकटतो, आणि त्या वासापोटी समाजाने त्या माणसांनाच गावाबाहेर ठेवले. पुढे कारखान्यांत चुन्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड आले. केस झटपट विरघळतात, पण सांडपाण्यात सल्फाइड आणि विरलेल्या केसांचा गाळ उतरतो. त्यात आम्ल मिसळले तर निघणारा वायू टाकीत उतरलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकतो. केस काढल्यावरची पायरी म्हणजे कातडे मऊ करणे. त्यासाठी युरोपात शतकानुशतके कुत्र्याची किंवा पक्ष्यांची विष्ठा कोमट पाण्यात कालवून वापरत. नॉटिंगहॅमच्या जोसेफ टर्नी वूड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले की त्या घाणीतले काम करतात ते जिवाणू आणि विकरे. हे धागे हाती घेऊन जर्मनीत ऑटो रोम यांनी १९०७ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले ‘ओरोपॉन’ बाजारात आणले, आणि चर्मोद्योगातून विष्ठा हद्दपार होऊ लागली. स्वादुपिंडाच्या त्या अर्कात मुख्य काम ट्रिप्सिनचे. म्हणजे जे विकर कोलॅजेनचा पीळ कापू शकत नाही, नेमके तेच कातडे मऊ करायला उपयोगी पडले. तंतूंच्या मधली इतर प्रथिने, केसांच्या मुळांचे अवशेष ते साफ करते आणि तंतूंना धक्का लावत नाही. खरे कोलॅजिनेज त्या कुंडात टाकले असते तर कातडे मऊ झाले नसते, विरले असते.

आता पुण्याकडे वळू. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखा अस्सल बुरशीशास्त्रज्ञ होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस तिरुमलाचार आणि एम. सी. श्रीनिवासन यांनी भारतातल्या कोनिडिओबोलस या बुरशीच्या जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेल्या नव्या जातींपैकी एकीचे नाव आहे कोनिडिओबोलस खंडालेन्सिस. सह्याद्रीतल्या खंडाळ्याच्या घाटमाथ्याचे नाव अशा रीतीने जगभरच्या बुरशीशास्त्राच्या यादीत जाऊन बसले. ही बुरशी कुजक्या पानांच्या थरात राहते, आणि ती पकडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बशीच्या झाकणाला आतून कुजकी पाने चिकटवायची आणि ते झाकण पोषक आगाराच्या बशीवर पालथे ठेवायचे. बुरशी आपले बीजाणू आतल्या दाबाने बंदुकीसारखे उडवते, ते खाली आगारावर पडतात आणि स्वच्छ रुजतात. वाढलेली बशी उलटी ठेवली तर झाकणाच्या काचेवर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पिठाचा थर साचलेला दिसतो. ते पीठ म्हणजे उडालेले बीजाणूच. अमेरिकेत चार्ल्स ड्रेक्स्लर यांनी हीच पद्धत वापरून या कुळातल्या अनेक जाती शोधल्या होत्या. तेव्हा यामागे उद्योगाचा हिशेब नव्हता. कोण कुठे राहते, कसे दिसते, याची नोंद करणे एवढाच हेतू. पण अशी नोंद आधी झालेली असली तरच पुढे कोणाला त्या जिवाकडून काम करवून घेता येते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच उभा राहिला. १९८३ साली श्रीनिवासन, एच. जी. वर्तक आणि सहकाऱ्यांनी तिथून जाहीर केले की कोनिडिओबोलसची एक जात अल्कधर्मी परिस्थितीत काम करणारे प्रथिनविघटक विकर मोठ्या प्रमाणावर बनवते. दोनच वर्षांनी, १९८५ साली, चिपळूणकर, रेळे, श्रीनिवासन आदींच्या निबंधात या विकराचा उपयोग प्राणिपेशींच्या संवर्धनासाठी करता येतो असे दाखवले गेले. काचेला चिकटून वाढणाऱ्या पेशी सुट्या करायला जगभर ट्रिप्सिन वापरतात आणि ते जनावरांच्या स्वादुपिंडातून येते. त्या जागी टाकीत वाढवलेल्या बुरशीचे विकर चालले तर कत्तलखान्यावर अवलंबून राहायला नको. १९९३ साली वासंती देशपांडे, श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी एनसीएल ८६.८.२० या क्रमांकाच्या कोनिडिओबोलस कोरोनेटसचे विकर बाजारातल्या धुण्याच्या पावडरींसोबत टिकते का ते तपासले. १९९८ साली माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी सूक्ष्मजीवांच्या प्रथिनविघटक विकरांचा जो सविस्तर आढावा लिहिला, तो जगभरच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे वापरला. तेव्हा जगात विकल्या जाणाऱ्या विकरांपैकी सुमारे ६० टक्के हिस्सा या एकाच गटाचा होता, हा त्यातला दाखला. पेशी सुट्या करणे, कपड्यावरचे रक्ताचे नि घामाचे डाग काढणे, कातडे साफ करणे ही तिन्ही कामे एकाच स्वभावाची आहेत. चिकटलेले सोडवायचे, पण ज्याला ते चिकटले त्याला इजा करायची नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. कोनिडिओबोलस कोरोनेटस हीच ती बुरशी, जिला पूर्वी एंटोमोफ्थोरा कोरोनाटा म्हणत. १८९७ साली कोस्तांतँ यांनी तिला पहिले नाव दिले, आणि १९६४ साली बाट्को यांनी ती कोनिडिओबोलसमध्ये आणली. या जुन्या नावाखाली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उरिओं, फ्रोमँतँ आणि बोर्झिवोय केल यांनी १९७०च्या दशकात तिच्या एका विकराचा अभ्यास केला, त्याला स्पष्टपणे कोलॅजिनेज म्हटले आणि १९७९ साली जिवाणूच्या कोलॅजिनेजशी त्याची तुलनाही छापली. मग एकाच बुरशीला पॅरिसमध्ये कोलॅजेन तोडणारी म्हणायचे आणि पुण्यात कोलॅजेन राखणारी, हे कसे? फ्रेंच संशोधकांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. त्यांनी पिळावरच काम केले होते आणि तुलनाही त्याच पातळीवर केली होती. पण तीन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिले, एक बुरशी एकच विकर बनवत नाही. आहार, आम्लता, तापमान बदलले की तिच्या द्रवात उतरणारी विकरे बदलतात. दुसरे, एका जातीतल्या दोन वाणांत फरक असतो आणि पॅरिसचा वाण म्हणजे पुण्याचा वाण नव्हे. तिसरे, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते, जिवाणूचे कोलॅजिनेज जसे कोलॅजेनपुरतेच बांधलेले असते तसे हे बुरशीचे विकर नव्हते. ते इतर प्रथिनेही कापत होते. पिळावर हल्ला करणे ही त्याच्या अनेक सवयींपैकी एक होती. पुण्यातल्या मंडळींनी अशा बुरशीचा वाण निवडताना आणि तिला वाढवताना दुसऱ्या सवयींना वाव दिला. तेव्हा दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. दोन ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, एवढेच.

दुसरा आक्षेप वैद्यकातून येतो आणि तो मनाला जास्त भिडतो. कोनिडिओबोलस कोरोनेटस माणसाच्या नाकात शिरते. १९६०च्या दशकापासून उष्ण, दमट प्रदेशांतून असे रुग्ण नोंदले गेले, भारतातूनही. बहुतेक प्रौढ पुरुष, शेतात किंवा मोकळ्यावर काम करणारे. नाक, वरचा ओठ, गाल हळूहळू सुजत, टणक होत जातात आणि चेहरा विद्रूप होतो. ज्या बुरशीने माणसाचा चेहरा बदलावा तिने कोलॅजेन तोडले नाही असे कसे म्हणायचे? पण या आजाराची चाल नीट पाहिली तर तो विरघळवणारा आजार नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, अंतःत्वचेखाली पसरतो, सूज आणि गाठ तयार करतो, आणि कातडी बहुधा फोडत नाही. क्लॉस्ट्रिडियमने तासांत जे करावे ते इथे घडत नाही. उलट २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने जी काळी बुरशी पाहिली तिने डोळे, जबडे, टाळू दिवसांत गिळले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने तिला साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य आजार ठरवण्यास राज्यांना सांगितले, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. ते विध्वंसाचे दृश्य पाहून ‘हिने मांस विरघळवले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. घडते ते वेगळे. म्यूकर गटातली ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, तिथे रक्त गोठते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऊतक उपासमारीने मरते. काळा रंग त्या मेलेल्या ऊतकाचा. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी तिला वाट करून दिली. विध्वंस मोठा म्हणून कोलॅजिनेज मोठे, असा हिशेब मांडता येत नाही. ज्या घरांनी त्या वर्षी माणसे गमावली, त्यांना हे नेमके कारण कळण्याचा हक्क आहे.

राहिला तिसरा आक्षेप: नावात काय आहे? विकर काम करते, मग त्याला कोलॅजिनेज म्हणा नाहीतर प्रोटिएज, म्हणजे नुसते प्रथिनविघटक विकर. पण चुकीच्या नावाची किंमत कुणीतरी मोजतेच. भाजलेल्या जखमेवर मेलेले ऊतक कोलॅजेनच्या धाग्यांनी खालच्या जिवंत भागाला जखडलेले असते. तिथे क्लॉस्ट्रिडियमचे खरे कोलॅजिनेज मलम म्हणून वापरतात, कारण धागे कापायचेच असतात. तिथे साधे प्रोटिएज दिले तर काम होत नाही. कातड्याच्या कुंडात नेमके उलटे. आणि नाव चुकण्याची वाट प्रयोगशाळेतूनच जाते. जिलेटिनच्या बशीवर थेंब टाकला आणि भोवती स्वच्छ वलय पडले, एवढ्यावर ‘कोलॅजिनेज’ म्हणणारे बरेच निबंध आहेत. अॅझोकॉल नावाची रंग बांधलेली कातड्याची भुकटी अशा चाचण्यांत सर्रास वापरतात. तिच्यातून रंग सुटला म्हणजे पीळ कापला गेलाच, असे धरता येत नाही. द्रवातला पीळ माणसाच्या शरीराच्या तापमानाच्या आसपासच सैल होऊ लागतो, मग ५० अंशांवर घेतलेली चाचणी ही प्रत्यक्षात जिलेटिनचीच चाचणी ठरते. ब्राझील, इजिप्त, भारत, सगळीकडून अॅस्परजिलस, पेनिसिलियम, कँडिडा यांच्या ‘कोलॅजिनेज’ची वर्णने येत असतात. त्यांतली काही नक्कीच खरी असतील. पण त्यांनी शाबूत पिळावर, पीळ सुटणार नाही अशा तापमानाला, आपले काम दाखवले पाहिजे. ते दाखवले तर आक्षेप घ्यायला जागा नाही.

एनसीएलमधल्या कोनिडिओबोलसच्या वाटचालीचा पुढचा टप्पा थेट कुंडाशी येऊन पोहोचला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आर. सीता लक्ष्मण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोनिडिओबोलस ब्रेफेल्डियानस या जातीच्या विकराने कातड्यांवरचे केस काढण्याचे काम २०१५ साली प्रसिद्ध केले. विकराने केस सोडवायची कल्पना सोपी आहे. केसाच्या मुळाभोवतीचा चिकट वेढा सैल करायचा, केस अख्खा निघू द्यायचा. सल्फाइडने तो विरघळवला की सांडपाण्यात चिखल होतो. अख्खा निघाला तर चाळणीवर गोळा करता येतो. अडचण किमतीची आहे. चुना आणि सल्फाइड स्वस्त, विकर महाग. लहान कारखानदार पैशाचा हिशेब बघतो आणि त्याला दोष देता येत नाही. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाचा जीव हे दोन्ही त्याच हिशेबात मांडले तर विकर इतके महाग वाटणार नाही. आणि या साऱ्या शास्त्राची शेवटची चाचणी आजही हाताने होते. विकरात मुरलेले कातडे बाहेर काढून कारागीर त्याच्या दाण्यावर, म्हणजे केसाकडच्या पृष्ठभागावर, अंगठा दाबतो. ठसा उमटून तसाच राहिला तर विकराने आपले काम केले. दाणा सैल होऊन सुरकुतला, बोटाखाली घसरू लागला, तर त्याने कोलॅजेनला हात घातला, आणि ते कातडे वाया गेले.